कौल, करार आणि रापण : समुद्रावरील नियमांचा एक किनारी इतिहास

एम.ए.च्या वर्गात 'आज्ञापत्र' शिकवताना आम्हा अध्यापकांना एक सवय लागलेली असते. दुर्गांचे प्रकरण सावकाश शिकवायचे, वाक्यांची लय आणि फारसी शब्दांची जडणघडण दाखवायची, टोपीकरांविषयीचा इशारा आवर्जून सांगायचा आणि अखेरचे आरमाराचे प्रकरण 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून द्यायचे. परीक्षेत त्यावर प्रश्न क्वचितच येतो. सिंधुदुर्ग किल्ला ज्यांच्या डोळ्यांसमोर रोज उभा असतो अशा मालवणच्या परिसरातल्या आम्ही मंडळींनीही हेच केले, ही गोष्ट आम्हाला आज खटकते. कारण 'समुद्र कोणाचा आणि त्यावरचे नियम कोणी करायचे' हा जो प्रश्न आज जिनिव्हा आणि रोम येथील सभागृहांत चर्चिला जातो, त्याची एक जुनी मराठी मांडणी त्या प्रकरणात आहे.

त्या मांडणीतला कळीचा शब्द 'कौल' हा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल, वचन. मराठीत येऊन या शब्दाने किमान तीन रूपे धारण केली. राज्यकर्त्याने दिलेले अभयपत्र किंवा परवाना तो कौल. कोकणात ग्रामदेवतेसमोर पाकळ्या लावून घेतात तोही कौल. आणि निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे ज्याविषयी लिहितात तो मतदारांचा कौल. पहिला वरून खाली येतो, दुसऱ्यात माणूस विचारतो व देव उत्तर देतो, तिसरा खालून वर जातो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सुधारणेविषयी जे विपुल लेखन होत असते त्याचा मथितार्थ आम्हाला या एका शब्दाच्या अर्थांतरात दिसतो. पहिल्या अर्थाच्या कौलाकडून तिसऱ्या अर्थाच्या कौलाकडे जाणे म्हणजे सुधारणा. हा प्रवास कुठवर झाला आणि कुठे अडला, हे मालवणच्या किनाऱ्यावरून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

'आज्ञापत्र' १७१५ मधले, कोल्हापूरच्या गादीच्या छायेत रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले. मालवण त्या वेळी त्याच राज्याच्या कक्षेत होते. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे असे अमात्य मानतात आणि सावकारी तरांड्यांना अभय मिळाले पाहिजे, त्यांना विनाकारण उपद्रव होता कामा नये, यावर त्यांचा भर आहे. परंतु आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो तो जहाजांच्या लाकडाविषयीचा आदेश. आरमारासाठी रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, आणि एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तरच धन्याला राजी करून, मोल देऊन ते तोडावे, असे तेथे बजावले आहे. आज्ञा वरूनच येते, तरीही जिच्यावर तिचा भार पडणार त्या रयतेला विचारण्याची अट त्या आज्ञेतच घातलेली आहे. ही अट आपण लक्षात ठेवू. पुढे तिची गरज लागणार आहे.

अमात्यांच्या आधी दोनशे वर्षे या समुद्रावर निराळ्या प्रकारचा परवाना चालू झाला होता. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगिजांनी 'कार्ताझ' नावाचे परवानापत्र सक्तीचे केले. जहाज कोणाचे, कोठून कोठे जाणार, कोणत्या बंदरात जकात भरणार, कोणता माल नेणार नाही, हे सारे त्यात नमूद असे. कार्ताझ नसलेले जहाज जप्तीस पात्र. मोगल बादशहासारख्या बलाढ्य भूसत्तेच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. आणि कागद असूनही संरक्षण मिळेलच अशी खात्री नसे. अकबराची पत्नी आणि जहांगिराची आई मरियम-उझ्-झमानी हिचे 'रहीमी' हे जहाज परवाना असूनही पोर्तुगिजांनी १६१३ मध्ये धरले. ज्याने नियम केला त्यानेच तो मोडला, तर दाद मागायची कोणाकडे, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

या मक्तेदारीला वैचारिक आव्हान दिले ते डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियसने. डचांनी १६०३ मध्ये 'सान्ता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज सिंगापूरजवळ पकडले. त्या कृत्याच्या समर्थनार्थ हाती घेतलेल्या लेखनाचा एक भाग १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, हे त्याचे प्रतिपादन. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात या पुस्तकाला आद्य ग्रंथाचा मान आहे. परंतु त्याच डचांनी मोलुक्कास बेटांत लवंगेची मक्तेदारी तोफांच्या बळावर राखली. गोव्याच्या पोर्तुगिजांना शह देण्यासाठी त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही वेंगुर्ल्यात पाहायला मिळतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावेत, कारण 'मुक्त' हा शब्द कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ किती अवलंबून असतो, याचे दगडी उदाहरण तेथे उभे आहे.

शब्दांचे हे राजकारण पुढे इंग्रजांनीही केले. आपल्या जलमार्गांवर जकात व परवाना मागणाऱ्या मालवणच्या आरमारी लोकांना इंग्रजी कागदपत्रांत चांचे म्हटले गेले. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तहाने तो कोल्हापूरकडे परत गेला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कोल्हापूरकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकडून इंग्रजांच्या ताब्यात कायमचे गेले. पोर्तुगिजांचा कार्ताझ हा कायदा आणि मालवणकरांची मागणी ही चांचेगिरी, हा निवाडा ज्याच्या हाती दप्तर होते त्याने केला. याचा अर्थ मालवणच्या आरमाराने अन्याय केलाच नाही असा नव्हे. दोन्ही बाजू बळाचाच वापर करीत होत्या. मुद्दा इतकाच की त्या दोहोंवर अधिकार असलेले, दोहोंचे ऐकून घेणारे असे पीठ अस्तित्वात नव्हते.

असे पीठ निर्माण करण्याचा पहिला खरा प्रयत्न विसाव्या शतकातला. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे संस्थापक सदस्य ५१ होते. १९६७ पर्यंत सदस्यसंख्या १२० च्या वर गेली होती आणि नवागतांपैकी बहुतेक देश कालपरवापर्यंत कोणाच्या तरी वसाहती होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला माल्टासारख्या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्व्हिद पार्दो यांनी आमसभेपुढे सूचना मांडली की राष्ट्रीय हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानला जावा. १९७३ मध्ये सागरी कायद्याची तिसरी परिषद सुरू झाली. ती नऊ वर्षे चालली. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे ११९ शिष्टमंडळांनी सागरी कायदा करारावर सह्या केल्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, त्यापलीकडच्या तळासाठी किंग्स्टन येथे एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण आणि तंटे सोडवण्यासाठी हाम्बुर्ग येथे न्यायाधिकरण अशी ही रचना आहे. ग्रोशियसच्या 'मुक्त' समुद्राला प्रथमच अशा देशांनी मर्यादा घातल्या की ज्यांच्या किनाऱ्यांवर पूर्वी वखारी पडल्या होत्या. 'रहीमी'च्या नाखव्याला जे मिळाले नाही, ते दाद मागण्याचे ठिकाण निदान कागदावर तरी तयार झाले.

या यशाला लागलेले गालबोटही सांगितले पाहिजे. समुद्रतळाविषयीच्या तरतुदी औद्योगिक राष्ट्रांना जाचक वाटल्या. करार अमलात येण्याच्या सुमारास, जुलै १९९४ मध्ये, एक पूरक करार होऊन त्या बऱ्याच सौम्य करण्यात आल्या आणि प्राधिकरणाच्या निर्णयप्रक्रियेत धनिक राष्ट्रांचे वजन वाढले. एवढे करूनही अमेरिकेने मूळ कराराला मान्यता दिलेली नाही. भारताने ती जून १९९५ मध्ये दिली. संस्था सुधारते, पण तिचे एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे पडते.

आता पुन्हा मालवणला येऊ. भारताने आपले सागरी क्षेत्र १९७६ च्या कायद्यानेच २०० मैलांपर्यंत नेले होते. १२ मैलांच्या आतील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आणि त्यापलीकडची केंद्राच्या, अशी विभागणी आहे. नकाशावर रेषा उमटली. पण त्या रेषेच्या आत मासळी कोणाची, हे ठरायचे राहून गेले. त्याच काळात यंत्रनौका आणि ट्रॉलर वाढत होते. या यांत्रिकीकरणाच्या मुळाशीही आंतरराष्ट्रीय सहकार्यच होते. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे व भारत यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प सुरू झाला, त्याने भारतीय मासेमारीची दिशा पालटली. हेतू निःसंशय चांगला होता. गरीब कोळ्याचे उत्पन्न वाढावे, हाच. परंतु ज्याच्याकडे भांडवल त्याच्याकडे ट्रॉलर गेला आणि ज्याच्याकडे ते नव्हते त्याच्या वाट्याची मासळी घटली.

ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे सामुदायिक जाळे. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभे राहून माणसे ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. ज्याचे जाळे त्याला वाटा, ज्याची होडी त्याला वाटा, ज्याने अंगमेहनत केली त्यालाही वाटा. रापण संघ ही गाबीत समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची संस्थाच आहे. तिचा नियम लेखी नसला तरी स्पष्ट आहे. दोराला ज्याचा हात, त्याला मासळीत वाटा आणि बोलण्याचा अधिकार. या संस्थेतही मानपान आणि भांडणे आहेतच, तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तरीही भार वाहणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातले अंतर तिने फार वाढू दिलेले नाही.

या रापणीचा दोर रोमपर्यंत कसा पोचला, ही इतिहासातली एक विलक्षण कथा आहे. १९७० च्या दशकात गोव्यातील रांपणकारांनी माथानी साल्ढाना यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉलरविरुद्ध आंदोलन उभारले. त्यातून आणि अन्य राज्यांतील अशाच चळवळींतून १९७८ मध्ये मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला. याच मंथनाच्या पार्श्वभूमीवर राज्याराज्यांत किनारी मासेमारीचे कायदे झाले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. परदेशी भागीदारीतल्या खोल समुद्रातील जहाजांना परवाने देण्याच्या १९९१ च्या धोरणाविरुद्धही हा मंच झगडला. मुरारी समितीने १९९६ मध्ये ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. २१ नोव्हेंबर १९९७ रोजी नवी दिल्लीत अनेक देशांच्या मच्छीमारांनी एकत्र येऊन जागतिक मंच स्थापला. जागतिक मत्स्यदिन त्याच दिवशी पाळला जातो. हा मंच तीनच वर्षांत दुभंगला. पण दोन्ही गट अन्न व कृषी संघटनेच्या दारात उभे राहिले. अखेर जून २०१४ मध्ये त्या संघटनेच्या मत्स्यसमितीने लघु मासेमारीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती घडवण्यासाठी ज्यांनी अपार कष्ट घेतले त्या चेन्नईच्या चंद्रिका शर्मा त्याच वर्षी ८ मार्चला बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात होत्या. त्या याच संघटनेच्या एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. तत्त्वांची पुस्तिका त्यांना अर्पण केलेली आहे. लघु मच्छीमार हा केवळ अनुदानाचा लाभार्थी नसून निर्णयाचा भागीदार आहे, हे या तत्त्वांनी मान्य केले. उणीव इतकीच की ती ऐच्छिक आहेत. पाळली नाहीत तर दंड नाही.

भागीदार मानणे आणि न मानणे यांतला फरक मालवणनेच अनुभवला आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी किल्ल्याभोवतीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळ व सागरी जीवांचे रक्षण हा हेतू वंदनीय होता. मच्छीमारांचा विरोध झाला. आपल्या पोटावर येणारा निर्णय आपल्याला न विचारता झाला, ही भावना त्यामागे होती आणि ती दशकानुदशके टिकली. पुढे २०११-१२ च्या सुमारास जागतिक पर्यावरण सुविधा या निधीतून सुमारे ३४ लाख डॉलरचे साहाय्य घेऊन सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा प्रकल्प आला. हा निधी १९९१ मध्ये जागतिक बँकेच्या पदराखाली सुरू झाला, तेव्हा विकसनशील देशांनी त्यावर आक्षेप घेतला होता. १९९४ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. ३२ जागांच्या मंडळात १६ जागा विकसनशील देशांना मिळाल्या. मतदानाची वेळ आलीच, तर देशांच्या संख्येचे ६० टक्के आणि दिलेल्या निधीचे ६० टक्के अशी दुहेरी बहुमताची अट आली. पैसा देणारा एकटा ठरवणार नाही आणि पैसा न देणाराही एकटा ठरवणार नाही, असा हा तोल. या प्रकल्पात लहान मासळी निसटून जावी म्हणून ट्रॉलरना चौकोनी आसाची जाळी देण्यात आली, महिलांच्या गटांनी खेकडे व कालवांच्या संवर्धनात हात घातला, वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर घडवू लागल्या. या एका प्रकल्पाने किनाऱ्याचा कायापालट झाला असे म्हणता येणार नाही. पण कांदळवन राखण्यात आपलाही वाटा आहे, असे म्हणणाऱ्या काही स्त्रिया त्यातून उभ्या राहिल्या. सूचनाफलकाने हे साधत नाही.

जागतिक व्यापार संघटनेत मात्र दोराची ओढाताण अजून संपलेली नाही. मासेमारीला दिल्या जाणाऱ्या अनुदानांवर निर्बंध घालण्याचा विषय २००१ च्या दोहा परिषदेपासून तेथे आहे. दूरच्या समुद्रात जाऊन मासळीचे साठे उपसणारे मोठे ताफे सरकारी पैशांवर पोसले जातात, हे तर खरेच. दोन दशकांच्या वाटाघाटींनंतर १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात करार झाला. त्यात बेकायदा मासेमारीस, अतिशोषित साठ्यांच्या मासेमारीस आणि नियमनबाह्य खुल्या समुद्रातील मासेमारीस अनुदान देण्यावर बंदी आली. दोन-तृतीयांश सदस्यांच्या मान्यतेने तो १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. भारताने तोपर्यंत तो स्वीकारला नव्हता. अतिक्षमतेला खतपाणी घालणाऱ्या अनुदानांचा उर्वरित, अधिक कठीण भाग २०२४ च्या अबूधाबी परिषदेतही सुटला नाही. ज्यांनी समुद्र उपसला त्यांनी आधी हात आखडावा आणि विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत मिळावी, अशी भारताची मागणी होती. करारात एक कलम असेही आहे की अमलात आल्यापासून चार वर्षांत उर्वरित नियम ठरले नाहीत, तर संघटनेने वेगळा निर्णय घेतल्याखेरीज मूळ करारही संपुष्टात येईल. म्हणजे वाटाघाटींना मुदत लागलेली आहे.

भारताच्या भूमिकेत न्याय आहे, असे आम्हाला वाटते. परंतु येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जिनिव्हात भारत बोलतो तो लहान मच्छीमाराच्या नावाने. प्रत्यक्षात यांत्रिक नौकांना मिळणारी डिझेलवरील कराची प्रतिपूर्ती घ्या. ज्याच्याकडे इंजिन त्याला ती मिळते, आणि जितके इंजिन मोठे तितका लाभ अधिक. हाताने दोर ओढणाऱ्या रापणकराला डिझेलच्या सवलतीचा उपयोग किती? त्याची तक्रार तर वेगळीच आहे. पर्ससीन नौकांनी बांगड्याचा व तारलीचा थवाच्या थवा उचलावा आणि परराज्यातील ट्रॉलरनी आपल्या जाळ्यांवरून जावे, याविरुद्ध तो वर्षानुवर्षे भांडतो आहे. सोमवंशी समितीच्या अभ्यासानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतका मर्यादित झाला, पण आदेश आणि अंमल यांतले अंतर ही किनाऱ्याची नित्याची कहाणी आहे. 'विकसनशील देश' या एका शब्दाच्या छत्राखाली पर्ससीनवाला आणि रापणकर दोघेही उभे आहेत. शब्द एकाच्या गरिबीचा, लाभ दुसऱ्याच्या पदरी, असे होण्याचा धोका त्या शब्दातच आहे. ग्रोशियसच्या 'मुक्त'चे जे झाले तेच 'विकसनशील'चेही होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक किनाऱ्याला विचारत बसलो तर निर्णय होणार कधी? आक्षेप रास्त आहे. व्यापार संघटनेत सर्वसंमतीचा आग्रह असल्याने २० वर्षे गेली आणि तेवढ्या काळात मासळीचे साठे आणखी खालावले. सर्वांना विचारणे हे काहीही न करण्याचे निमित्तही होऊ शकते. म्हणूनच आम्हाला १९९४ च्या दुहेरी बहुमतासारख्या तडजोडी महत्त्वाच्या वाटतात. त्या एकाला नकाराधिकार देत नाहीत आणि दुसऱ्याला गप्पही बसवत नाहीत. पण त्या अजून राष्ट्रांपुरत्याच आहेत. सुधारणेची पहिली पायरी, राष्ट्राराष्ट्रांतली विषमता कमी करण्याची, अर्धीमुर्धी का होईना, चढून झाली. दुसरी पायरी राष्ट्राच्या आतली आहे. ती जिनिव्हात चढता येणार नाही. ती मालवणात, रत्नागिरीत, मुंबईच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या दालनात चढावी लागेल. 'लहान मच्छीमार' या शब्दाची व्याख्या कोण लिहिणार, हा तिथला पहिला प्रश्न.

व्याख्या हा आपला, भाषेच्या अध्यापकांचा प्रांत आहे. रापण, तिचे वाटे, तिच्यातल्या कामांची नावे, हा सगळा शब्दसंग्रह आमच्या वर्गात बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या घरात अजून वापरात आहे. करारांच्या मसुद्यांत त्याचा मागमूस नाही. जे नाव कागदावर नाही, त्याचा हक्क कागदावर येणे कठीण. यंदापासून आरमाराचे प्रकरण 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. आंब्या-फणसाच्या त्या आदेशापाशी थांबून विद्यार्थ्यांना विचारायचे, की तुमच्याकडे हल्ली झाड तोडण्यापूर्वी धन्याला कोण विचारते? उत्तरे लिहून घ्यायची, त्यांच्याच शब्दांत.